ड्वेननं कापलेली टेकडी

प्रिय कारी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. भांडी घासता घासता ओल्या हातांनीच फोडलं, म्हणून पहिल्या पानावर डाग पडलेत. रडले-बिडले नाही मी, उगीच अर्थ काढू नकोस. मग खिडकीशी बाबांच्या खुर्चीजवळ बसून त्यांनाही वाचून दाखवलं. नोकरी सोडणार, ओरेगनमधली खोली सोडणार, डोंगरावरच्या भुंग्यांच्या अभ्यासाचं काम दुसरं कुणीही करेल, आणि तू कायमची घरी येणार, आमच्याकडे बघायला. वाचता वाचता माझा आवाज चिरकला, तेव्हा बाबा म्हणाले, 'हो.' जूनमध्ये तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मी फोनवर म्हटलं होतं, नको गं, आमचं चाललंय ठीक. हे पत्र आलं त्या संध्याकाळी पुन्हा फोनवर म्हटलं, नको. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा मान तिरकी करून, 'बरं बाई, तू म्हणतेसच तर.' तू तिसऱ्यांदा विचारायला सामान बांधूनच बसली असशील. म्हणून तू विचारायच्या आत मी लिहितेय. उत्तर शेवटी आहे, पण लबाडी करून शेवटचं पान आधी वाचू नकोस. आधी टेकडीची हकीकत ऐक, त्याशिवाय माझं उत्तर तुला पटायचं नाही.

बाबांची तब्येत तशीच. अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षं होत आली. डावा हात चालतो, उजवा कोपऱ्यात उभ्या केलेल्या छत्रीसारखा नुसता असतो. शब्दांतला एकच उरलाय, 'हो'. आपल्या पाद्रीणबाई मला धीर द्यायला म्हणाल्या, जिथं कुणी सरळ हो म्हणत नाही अशा गावात देवानं नॉर्वलला नेमका तोच शब्द ठेवला, यात काही योजना असेल. मला असं हसू फुटलं की कॉफी सांडली. कॉफी हवी? हो. गार लागतंय? हो. मी कोण, स्वीडनची राणी? हो. खरा हो कुठला आणि नुसता हो कुठला, ते डोळ्यांवरून ओळखायचं. मला बहुतेक वेळा ओळखता येतं. इतरांना येत नाही, आणि सगळं रामायण तिथूनच झालं.

पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मी कोंडली गेलेय, कारी. बाबा विसरतात की उजवा पाय आता आपला नाही. माझी पाठ वळली की उठायला बघतात. नर्स आठवड्यातून एकदा सकाळी येते, तेवढ्यात किराणा, औषधं, बँक, सगळं उरकायचं. एरवी माझं जग पत्रपेटीपर्यंत. तिथवर जायचं तेही मागे बघत बघत, भट्टीत पाव ठेवून गेल्यासारखं. आणि टेकडी समोर. बेसिनपाशी उभी राहिले की सगळी दिसते, गोठ्याच्या छपरामागून वर गेलेली, दगडगोट्यांनी भरलेली, जिला तुझ्या पणजोबांनी नांगर लावायचा प्रयत्न करून दोन फाळ मोडले आणि शिव्या घालून सोडून दिली. नांगर लागला नाही म्हणून मूळची फुलं राहिली. आख्ख्या परिसरात मका आणि सोयाबीन, आणि मधे आपलं हे एक गबाळं टेकाड. एवढं जवळ आहे की वारा कुठल्या गवतातून चाललाय ते मला इथून दिसतं. पण जाता येत नाही. लांब असतं तर एक वेळ विसरले असते.

एप्रिलमध्ये ईस्टरफुलं आली. बाबा दरवर्षी पहिलं फूल टोपीत घालून आणायचे, आठवतं? ती अंगभर लव असलेली फिक्कट जांभळी, पेल्यांसारखी फुलं, आत थंडीनं गारठलेली एखादी मधमाशी उबेला बसलेली. दुसरं काही फुललेलंच नसतं तेव्हा, तिनं जावं कुठं बिचारीनं? ती टोपी टेबलावर माझ्यापुढे ठेवायची आणि म्हणायचं, 'घे, सुटलीस.' म्हणजे हिवाळ्यातून सुटलीस. यंदा मला वाटलं, आपण आणू त्यांच्यासाठी. जेवून त्यांचा डोळा लागला आणि मी घरातल्या चपलांवरच धावत वर गेले. एक फूल तोडलं आणि लगेच परतले. बाबा खिडकीखाली जमिनीवर पडलेले. मला बघायला उठले होते. कपाळावर खोक, आणि माझ्या हातातल्या फुलाकडे बघून म्हणाले, 'हो.' माझ्यानं एकटीनं उचलवेनात. ड्वेन हाउगनला फोन केला, तो शेजारधर्माला जागणारा माणूस, जेवणाच्या ताटावरून उठून आला. हे तुला मी तेव्हा सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी टेकडीवर गेलेली नाही. आणि ड्वेनच्या डोक्यात त्याच दिवशी शिरलं की या दोघांसाठी काहीतरी करायला हवं.

तरी दुर्बीण होती. ती मी बेसिनवरच्या खिळ्याला टांगलीय, चहाच्या गाळणीशेजारी. मेमध्ये धूरफुलं आली आणि सगळा उतार गुलाबी धुरकटला. बोबोलिंक पक्षी आले, तेच आपले काळे-पांढरे, डोक्यामागे पिवळा ठिपका असलेले. एवढ्या लांबून दक्षिणेतून येतात आणि आल्या आल्या चमच्यांचा खण जिन्यावरून सोडून द्यावा तसं गातात. बाबा खुर्चीतून डावा हात हलवून मला दाखवायचे, ते बघ, ते बघ. मग जून संपता संपता दुधाळी फुलली आणि तिचा गोड जड वास पार मोरीपर्यंत आला. त्या वासानं मला तू दिसतेस. वेण्या सुटलेल्या, आजीचा केसांचा आकडा हातात, दुधाळीच्या गेंदावर वाकलेली. मधमाशीचा पाय त्या फुलाच्या फटीत अडकतो, दांडगी असली तर हिसका मारून सुटते, अशक्त असली तर तिथंच लोंबकळून मरते. ते तुला बघवायचं नाही. जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा आणि तू आपली, 'आई, अजून तिघी अडकल्यात!' बाबा म्हणायचे, 'आल्या आमच्या वकीलबाई, सगळ्यांना जामीन देऊन.' आता तुझ्या पत्राला मला तोच वास येतो. आई अडकलीय म्हणून तू तिकडून आकडा घेऊन निघालीयस.

तर ड्वेन. जुलैत लव्होनचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. म्हणे, 'आर्डिस, ड्वेन म्हणतोय टेकडी फार माजलीय. रस्त्यावरून बघवत नाही गं. नॉर्वल धडधाकट असता तर असं दिसलं असतं का? ड्वेन येऊन कापून देईल.' आता बाबांनी आयुष्यात टेकडी कापली नाही. ते वसंतात जाळायचे, मूळची फुलं जोमानं यावीत म्हणून, वारा बघून, ओली पोती घेऊन, आणि गाव म्हणायचं नॉर्वलचा एक स्क्रू ढिला आहे. दोन वर्षं जाळली नाही म्हणून वाळकं गवत साचलंय, हे खरं. पण हे सगळं फोनवर सांगायचं म्हणजे तिला वाटणार मी तिच्या नवऱ्याच्या मदतीला नाकं मुरडतेय. मी म्हटलं, 'छे छे, कशाला त्रास.' हे एक. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी ड्वेन स्वतः आला, मी म्हटलं, 'नको रे, तुला तुझी कामं काय थोडी आहेत?' हे दोन. मग तो अंगणातच येऊन उभा राहिला. मी अगदी मनापासून म्हटलं, 'खरंच नको, ड्वेन. राहू दे.' आणि वर हातात डबाभर बिस्किटं ठेवली. आता तूच सांग, बिस्किटं देऊन म्हटलेल्या नको-ला आपल्याकडे कोण नको समजेल? त्यानं डबा काखेत धरला, बाबांच्या खुर्चीपाशी वाकला आणि विचारलं, 'काय नॉर्वल, मारू का एक हात तुझ्या टेकडीवर?'

बाबा म्हणाले, 'हो.'

गुरुवारी मी बाबांना आंघोळ घालत होते. ते न्हाणीतल्या खुर्चीवर, अंगभर साबण, एक हात माझ्या खांद्यावर. ट्रॅक्टर ऐकू आला. मला वाटलं रस्त्यानं कुणी चाललंय. मग आवाज चढाला लागला. न्हाणीच्या खिडकीतून बघते तर ड्वेन टेकडीवर, मागे कापणीचं यंत्र. सोडून धावावं तर बाबा निसटून पडणार, न धावावं तर टेकडी जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. मी एका हातानं त्यांना धरलं, दुसऱ्यानं खिडकी उघडली आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, 'ड्वेन! ड्वेन, थांब!' त्यानं टोपी काढली आणि आनंदानं हलवली. मी पुन्हा ओरडले. त्यानं पुन्हा हलवली. जांभळे तुरे उमलायच्या बेतात होते गं, बुडापासून शेंड्यापर्यंत कळ्या. दुधाळीवर मोनार्क फुलपाखरांचे सुरवंट होते, मी दुर्बिणीतून पानं कुरतडलेली बघितली होती. पिवळे फिंच तर बिचारे सगळ्यांच्या मागून घरटी करतात, काटेफुलांचा कापूस मिळाला की मग. त्यांनी नुकती सुरुवात केली होती. बोबोलिंकांची पिल्लं उडाली होती, तेवढंच एक बरं. साबण वाळून बाबांना हुडहुडी भरेपर्यंत मी तशीच उभी होते.

आणि मग काय केलं असेल मी? ड्वेन दारात आला, भुवयांवर बिया, अंगाला दुधाळीचा चीक, चेहरा असा की जणू मला नवं चर्च बांधून दिलंय. मी त्याला बसवलं, कॉफी दिली, रुबार्बचा केक दिला, दोनदा आग्रह करून तिसरा तुकडाही वाढला. म्हणाला, 'आता कसं, माणसं राहतात असं वाटतं!' मी म्हटलं, 'थँक्यू हं, ड्वेन.' भीड ही भिकेची बहीण म्हणतात; माझ्या घरात ती सख्खी जाऊ होऊन राहिलीय. पण याच माणसानं दोन हिवाळे आपल्या वाटेवरचा बर्फ उपसलाय. लव्होनच्या खिमा-बटाट्याच्या हॉटडिशवर आम्ही जगलोय. त्यांना कोणत्या तोंडानं बोलू? त्या रविवारी चर्चमध्ये ड्वेनचे जाहीर आभार मानले आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, तर मी हसले.

बाबा मात्र त्या संध्याकाळी खिडकीपासून हलेनात. बाहेर सगळं सपाट, पिवळट, आणि कापलेल्या गवतावर कावळे किडे टिपत होते. ते म्हणाले, 'हो.' मग पुन्हा, 'हो. हो.' आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यांना 'नाही' म्हणायचं होतं, कारी, आणि त्यांच्याकडे तो शब्दच नाही. माझ्याकडे आहे. माझी जीभ शाबूत आहे, डोकं शाबूत आहे, आणि मी तीनदा म्हणूनही तो शब्द कुणाला ऐकू गेला नाही. आमच्या दोघांत लुळं कोण, असा प्रश्न मला त्या रात्री पडला.

तू कधी विचारलं नाहीस, मी इथं कशी राहिले ते. मी डुलूथची. बंदराच्या कचेरीत होते, कुठली बोट कधी सुटते ते फळ्यावर लिहायचं माझं काम, आणि मला ते फार आवडायचं. आमचं लग्न झालं तेव्हा तिथंच राहायचं ठरलं होतं, बाबांना बोटीवर कामही मिळालं होतं. तेवढ्यात तुझी आजी बोर्घिल्ड गोठ्यात पडून खुब्याचं हाड मोडून बसली. एका उन्हाळ्यापुरते आलो. आजी मला कधीही 'राहा' म्हणाली नाही, हे मी शपथेवर सांगते. उलट रोज सकाळी म्हणायची, 'जा गं पोरी, माझं मी बघते, तुम्ही तरुण माणसं.' आणि म्हणता म्हणता पलंगाची कड धरून उठायला बघायची. उन्हाळा गेला, मका काढायचा होता. मका झाला, बर्फ पडला. मग तू झालीस. कुलूप कुणी लावलं नाही, मीच रोज दार ओढून घेत गेले. बाबांनी मला सुखात ठेवलं, त्यात कणभर खोट नाही, टेकडी तर त्यांनीच दाखवली. पण आजही कुठं भोंगा वाजला की मला आधी बोट आठवते. आणि परवा फोनवर तुला 'नको गं, आमचं चाललंय' म्हणताना मला स्वतःचाच आवाज ऐकू आला. हुबेहूब आजीचा आवाज होता.

आता ताजी बातमी. पत्रपेटीच्या वाटेला टेकडीचा पायथा लागतो, तिथून कुंपणावर वाकून बघते. कापलेल्या दुधाळीला बुडातून कोवळी पानं फुटलीत, लोण्यासारखी. बाकीच्या शिवारात दुधाळी जून होऊन पिवळी पडली, त्यामुळे सगळ्या मोनार्क माद्या अंडी घालायला आपल्याकडे. मी उभ्या उभ्या एका झाडावर चार सुरवंट बघितले. ड्वेनला हे चुकूनही कळू देऊ नकोस, नाहीतर पुढच्या वर्षी सगळं गाव कापून ठेवील. सोनकाठी बुटकी राहिलीय पण फुलेल. ॲस्टरही येतील थोडे. जांभळे तुरे मात्र गेले, यंदा दक्षिणेला जाताना फुलपाखरांना इथं थांबून खायला ते नाहीत. फिंचही दिसत नाहीत. आणि खालच्या पाणथळीत ट्रॅक्टर रुतेल म्हणून ड्वेन गेला नाही, तिथं कुपीफुलांना कळ्या आल्यात. निळ्या, घट्ट मिटलेल्या. फुललं तरी ते फूल मिटलेलंच. तो एक दांडगा केसाळ भुंगा तेवढा डोक्यानं पाकळ्या फाकवून आत घुसतो आणि फूल मागून मिटतं. पहिल्यांदा बघितलंस तेव्हा केवढा आकांत केला होतास! आकडा घेऊन फूल फाडायला निघालीस. बाबांनी तुझा हात धरला आणि म्हणाले, 'थांब. त्याला परतीची वाट ठाऊक आहे.' आतून गुरगुर ऐकू येत होती. आणि मग तो मागे मागे सरकत, केसांना पिवळी पूड माखून, आरामात बाहेर आला. पुढं तू त्याच भुंग्यांमागे ओरेगनला गेलीस.

तर आता माझं उत्तर. तिसऱ्यांदा नको म्हटलं तर तू ते हो समजून कायमची येशील, आणि मी तुला रोज सकाळी 'जा गं पोरी' म्हणेन आणि तू राहशील. मला स्वतःची खात्री नाही, कारी. तू आलीस तर मी तुला सोडणार नाही. तोंडानं जा जा म्हणेन आणि उठताना पलंगाची कड धरेन. म्हणून मी यंदा रीत मोडते आणि सरळ मागते: ये. कुपीफुलं फुलतील तेव्हा, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन आठवडे. राजीनामा देऊ नकोस, जायचं-यायचं तिकीट काढ. तू बाबांजवळ बसायचं आणि मी रोज सकाळी टेकडीवर जायचं, मागे न बघता, पाय दुखेपर्यंत. मला ते हवंय. फार हवंय. लव्होननं काल सहज म्हटलं, मंगळवारी नॉर्वलजवळ बसू का, तर मी पहिल्याच खेपेला 'हो, बस' म्हटलं. बिचारी एवढी गडबडली की हातातली हॉटडिश खाली ठेवायचं विसरली. आणि तुझ्या परतीचंही ठरवलंय. शेवटच्या रविवारी सकाळी ड्वेन गाडी घेऊन दारात येईल. मी त्याला बजावलंय की कारी 'राहते' म्हणेल, मी 'राहू दे तिला' म्हणेन, बहुतेक रडेनही, नॉर्वल 'हो' म्हणेल, पण ड्वेन, तू कुणाचंही ऐकायचं नाही, सामान गाडीत टाकायचं आणि तिला सू फॉल्सच्या विमानतळावर विमानात बसवूनच परत फिरायचं. जन्मात ज्यानं कुणाचं नको ऐकलं नाही असा तोच एक माणूस मला ठाऊक आहे. त्यानं एकदाच विचारलं, 'नक्की, आर्डिस?' मी हो म्हटलं, आणि बिस्किटं दिली नाहीत. मग बाबांना विचारलं, कारीला परत जाऊ द्यायचं ना? ते 'हो' म्हणाले. मी डोळे बघितले. खरा होता.

तुझीच, दारापर्यंत तरी नक्की येणारी,
आई